शेजारचे आसन

हेरगिरीच्या चित्रपटांतील मोटारी हा विषय एखाद्या धर्मगुरूने लिहावयास घ्यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु मोटार आता आपल्या घरची झाली आहे. एके काळी आमच्या धर्मग्रामात लग्नाची वरात आणि आजाऱ्याची ने-आण सोडली तर मोटारीशी फारसा कोणाचा संबंध येत नसे. आज रविवारच्या मिस्साला चर्चच्या आवारात गाड्या लावण्यास जागा पुरत नाही. नवी गाडी घेतली की कुटुंब ती आशीर्वादासाठी आमच्याकडे आणते. प्रार्थना संपते न संपते तोच घरातील धाकटे चिरंजीव आमचा झगा ओढून विचारतात, "फादर, हे बटण दाबलं की काय होतं, दाखवू?" बटण दाबताच खिडकीची काच खाली सरकते. एवढेच, परंतु त्या मुलाच्या डोळ्यांतील चमक पाहिली की आम्हांस साठ वर्षांपूर्वीच्या एका चंदेरी मोटारीची आठवण होते. बटणाचे हे वेड जगाला तिनेच लावले.

जेम्स बाँड हा हेर इयन फ्लेमिंग या इंग्रज लेखकाने १९५३ साली 'कॅसिनो रोयाल' या कादंबरीत जन्मास घातला. दुसऱ्या महायुद्धात फ्लेमिंग ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम करीत होता. मोटारींचा तो शौकीन. त्याने आपल्या नायकाला आधी एक जुनी, साडेचार लिटर इंजिनाची बेंटले दिली. १९५५ च्या 'मूनरेकर' मध्ये तिचा चक्काचूर झाला आणि १९५९ च्या 'गोल्डफिंगर' मध्ये बाँड ॲस्टन मार्टिनमध्ये जाऊन बसला. पडद्यावर तो १९६२ साली 'डॉक्टर नो' मधून आला, तेव्हा जमैकाच्या डोंगरवाटांवर त्याच्या हाती सनबीम अल्पाइन नावाची एक साधीशी उघडी गाडी होती. तिच्यात गुप्त असे काहीच नव्हते.

आम्ही सेमिनरीत असताना सुट्टीच्या संध्याकाळी कधीमधी व्हिडिओ कॅसेटवर इंग्रजी चित्रपट दाखवीत. बाँडच्या चित्रपटांस परवानगी सहजी मिळत नसे आणि मिळालीच तर यंत्राजवळ बसलेले फादर काही दृश्ये झरकन पुढे पळवीत. मोटारींची दृश्ये मात्र कधीच पुढे पळविली गेली नाहीत. त्यामुळे बाँडच्या चरित्राचा जो भाग आमच्या वाट्यास आला, तो बव्हंशी चारचाकी होता. 'गोल्डफिंगर' आम्ही पाहिला तो असा.

हा चित्रपट १९६४ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये प्रथम झळकला. त्यातील गाडी ॲस्टन मार्टिन डीबी ५. हा कारखाना १९१३ साली निघाला. १९४७ साली डेव्हिड ब्राऊन या उद्योजकाने तो विकत घेतला. 'डीबी' ही अक्षरे त्याच्याच नावाची. गिअर आणि ट्रॅक्टर बनविणे हा ब्राऊनचा धंदा. म्हणजे जगातील सर्वांत ऐटबाज मोटारीवर ज्याचे नाव कोरले गेले, त्याचे दुसरे यंत्र शेतकऱ्याच्या नांगराला जुंपलेले होते! चार लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आणि बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर चढविलेले हलके ॲल्युमिनियमचे अंग, अशी या गाडीची घडण. १९६३ ते १९६५ या काळात अशा हजाराच्या आसपास गाड्या तयार झाल्या. चित्रपटवाल्यांनी गाडी मागितली तेव्हा कंपनी ती देण्यास फारशी उत्सुक नव्हती.

या गाडीला निराळे रूप दिले ते केन ॲडम या कलादिग्दर्शकाने. त्याचा जन्म १९२१ साली बर्लिनमधील एका यहुदी कुटुंबात झाला. हिटलरच्या राजवटीत, १९३४ साली, हे कुटुंब इंग्लंडला निघून गेले आणि पुढे महायुद्धात हा जर्मन मुलगा ब्रिटिश हवाई दलाचा लढाऊ वैमानिक झाला. ॲडमच्या कल्पना जॉन स्टिअर्स या तंत्रज्ञाने प्रत्यक्षात उतरविल्या. समोरच्या दिव्यांमागे मशीनगन. मागच्या काचेपाशी वर सरकणारी गोळीरोधक ढाल. पाठलाग करणाऱ्याच्या वाटेवर तेल आणि धूर सोडणाऱ्या नळ्या. शत्रूची गाडी कोठे आहे ते दाखविणारा नकाशा. फिरती नंबरपाटी मात्र दिग्दर्शक गाय हॅमिल्टनला सुचली. भलत्या जागी गाडी उभी केल्याबद्दल होणाऱ्या दंडाच्या पावत्यांनी तो वैतागला होता, आणि नंबर बदलता आला तर किती बरे, असे त्याला वाटत असे! वाचकांपैकी कितीजणांच्या मनात हा विचार येऊन गेला असेल, ते आम्ही विचारणार नाही.

चाकाच्या मध्यातून बाहेर येऊन शेजारच्या गाडीचे टायर फाडणारे पाते हे तर आपल्या ओळखीचे. ते 'बेन-हर' मधून आले. ख्रिस्तकाळावरील हा १९५९ चा चित्रपट आमच्या पिढीतील बहुतेक कॅथलिक घरांनी उपवासकाळात कधी ना कधी पाहिलेला आहे. त्यातील रथांच्या शर्यतीत मेस्सालाच्या रथाच्या चाकांना अशीच पाती होती. रोमन रिंगणातील ते दुष्ट माणसाचे शस्त्र पाच वर्षांनी नायकाच्या गाडीला बसविण्यात आले, आणि ज्या प्रेक्षकांनी तेव्हा मेस्सालाला शिव्या दिल्या होत्या त्यांनीच आता टाळ्या दिल्या.

परंतु या सर्व करामतींत लोकांच्या ध्यानात राहिली ती एकच. गिअरच्या दांड्याचे टोक उघडले की आत एक लाल बटण. ते दाबले की छताचा तुकडा उडतो आणि शेजारच्या आसनावरील माणूस आसनासकट आकाशात भिरकावला जातो. शस्त्रागाराचा तो खवट म्हातारा हे समजावून सांगतो तेव्हा बाँडला ती थट्टा वाटते. आपण आपल्या कामाची थट्टा करीत नसतो, असे म्हातारा त्याला गंभीरपणे बजावतो. पुढे एक बंदूकधारी पहारेकरी बाँडच्या शेजारी येऊन बसतो, बटण दाबले जाते, आणि चित्रपटगृह हास्याने दुमदुमते. आमचे सेमिनरीचे सभागृहही दुमदुमले होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. असे उडणारे आसन ही कल्पित वस्तू नव्हे. लढाऊ विमानांत ते खरोखरीच असते. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीने १९४६ साली जिवंत माणसाला बसवून त्याची चाचणी घेतली, आणि तेव्हापासून अशा आसनांनी हजारो वैमानिकांचे प्राण वाचविले आहेत. विमान कोसळू लागले की त्यात बसलेल्याने स्वतःच कळ ओढायची आणि सुखरूप बाहेर पडायचे. चित्रपटाने या शोधाची दिशा नेमकी उलटी केली. बसणाऱ्याला वाचविण्यासाठी जे आसन निघाले, ते बसणाऱ्याला घालवून देण्यासाठी वापरले गेले, आणि कळ बसणाऱ्याच्या हातून निघून चालविणाऱ्याच्या हाती आली.

१९६५ साली कॉर्गी या ब्रिटिश कंपनीने या गाडीचे खेळणे बाजारात आणले. खरी गाडी रुपेरी होती. पण रुपेरी खेळणे रंग द्यायचा राहून गेल्यासारखे दिसेल, म्हणून ते सोनेरी करण्यात आले. इंग्लंडच्या खेळणी-विक्रेत्यांनी त्या वर्षीचे सर्वोत्तम खेळणे म्हणून त्याचा गौरव केला, आणि त्याचे लाखो नग खपले. दांडी दाबली की छत उघडते आणि शेजारचा इवलासा माणूस बाहेर फेकला जातो. तो हरवणार हे कंपनीला ठाऊक असल्याने पेटीत एक जादा माणूस ठेवलेला असे. आमच्या धर्मग्रामातील, जहाजावर नोकरी करून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या कपाटात ही गाडी आम्ही पाहिली आहे. त्यातील दोन्ही माणसे केव्हाच हरवली आहेत. नातवंडे त्या आसनावर चिंचोका ठेवून उडवितात. चालविणारा मात्र अजून जागच्या जागी घट्ट बसलेला आहे.

डीबी ५ नंतर दर चित्रपटाला नवी करामत दाखविणे भाग पडले. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्‌ड मी' मध्ये पांढरी लोटस एस्प्री सार्डिनियाच्या किनाऱ्यावरून समुद्रात झेप घेते आणि पाण्याखाली तिची पाणबुडी होते. हे चित्रीकरण बहामा बेटांच्या समुद्रात झाले. पडद्यावर आतील दोघे कोरडे ठणठणीत दिसतात. प्रत्यक्षात ती गाडी आत पाण्याने भरलेली असे, आणि पाणबुड्याचा पोशाख घातलेला माणूस पाठीवरच्या नळकांड्यातून श्वास घेत ती चालवीत असे. सोंग सुखाचे दिसते. ते वठविणारा मात्र नाकातोंडापर्यंत पाण्यात असतो.

या साऱ्या महागड्या ताफ्यात आमच्या मनात घर करून आहेत त्या तीन गरीब गाड्या. पहिली, १९८१ च्या 'फॉर युअर आईज ओन्ली' मधील पिवळी सिट्रोएन टू-सीव्ही. बाँडची लोटस चोरट्यांपासून रक्षण करण्याच्या यंत्रणेमुळे स्वतःच स्फोट होऊन नष्ट होते, आणि डोंगरउतारावर त्याचा जीव वाचविते ती ही पत्र्याची डबी. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली ही गाडी मुळात फ्रेंच खेडुतांसाठी होती. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे तिच्यात मावले पाहिजेत, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडी फुटता कामा नयेत, अशी तिच्या निर्मात्यांची अट होती. दुसरी, २०१५ च्या 'स्पेक्टर' मधील. रोमच्या रस्त्यांवर रात्री ॲस्टन मार्टिन आणि जॅग्वार यांची जीवघेणी शर्यत चालली आहे. (जॅग्वार २००८ पासून आपल्या टाटांची.) मध्येच एक वृद्ध रोमन गृहस्थ आपल्या चिमुकल्या फियाटमध्ये गाणे गुणगुणत निवांत चालले आहेत. जगाचे भवितव्य पणास लागले आहे, याची त्यांना वार्ताही नाही.

तिसरी गाडी आपल्याकडची. १९८३ च्या 'ऑक्टोपसी' चे चित्रीकरण उदयपूरला झाले. त्यात कबीर बेदी होते, आणि चेन्नईच्या एका कॅथलिक कुटुंबातील टेनिसपटू विजय अमृतराज हेही होते. अमृतराज बाँडला ऑटोरिक्षातून पळवितात आणि टेनिसच्या रॅकेटने शत्रूंना झोडपतात. बघ्यांच्या माना सामन्यातल्याप्रमाणे इकडून तिकडे वळतात! आमच्या दृष्टीने त्या रिक्षाचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे. रिक्षात चालकाच्या शेजारी आसनच नसते. त्यामुळे तेथे लाल बटण बसविण्याची सोयच नाही.

ज्या गाड्या पडद्यावर गाजल्या, त्यांचे पुढे काय झाले? १९६४ ची एक डीबी ५ एका अमेरिकन रेडिओ-व्यावसायिकाने १९६९ साली १२,००० डॉलरना घेतली. २०१० साली लंडनच्या लिलावात तिला सुमारे २६ लाख पौंड आले, आणि ती रक्कम त्याने लोककल्याणाच्या कामासाठी दिली. दुसरी, जिच्यात साऱ्या करामती बसविल्या होत्या ती, १९९७ साली फ्लोरिडातील विमानतळावरच्या गोदामातून चोरीस गेली. फिरत्या नंबरपाट्या, मशीनगन आणि गोळीरोधक ढाल असलेली गाडी साध्या चोरांनी नेली! पाणबुडी लोटस न्यूयॉर्कजवळच्या एका बंद कोठारात पडून होती. १९८९ साली ते कोठार, आत काय आहे हे न पाहता, सुमारे शंभर डॉलरना एकाने घेतले. २०१३ साली तीच गाडी इलॉन मस्क यांनी ६,१६,००० पौंडांना विकत घेतली. २०१८ साली ॲस्टन मार्टिनने 'गोल्डफिंगर' च्या गाडीच्या २५ नव्या प्रती काढण्याचे जाहीर केले. किंमत, कर वगळता, साडेसत्तावीस लाख पौंड. त्या रस्त्यावर चालविण्यास परवानगी नाही. त्यांत लाल बटण आहे. माणूस मात्र उडत नाही.

आता खऱ्या हेरांकडे आणि खऱ्या सुटकांकडे वळू. ज्या १९६४ साली पडद्यावर पहारेकऱ्याला मोटारीतून उडवून दिले जात होते, त्याच वर्षी भिंतीने दुभंगलेल्या बर्लिनमध्ये एक तरुण कारागीर इसेट्टा नावाची गाडी खोलत बसला होता. ही अंड्याच्या आकाराची, पुढून दार उघडणारी, दोघे जेमतेम मावतील एवढी गाडी. पूर्व बर्लिनमध्ये अडकलेल्या मित्राला आणण्यासाठी त्याने तिची उष्णतेची यंत्रणा काढली, पेट्रोलची टाकी काढून तेथे दोन लिटरचा डबा बसविला, आणि इंजिनाशेजारी माणूस अंगाची मोळी करून पडू शकेल एवढी जागा केली. इतक्या लहान गाडीत कोणी लपले असेल, असे पहारेकऱ्यांच्या स्वप्नातही आले नाही. बाँडची गाडी माणसाला बाहेर फेकण्यासाठी खोलली गेली. ही माणसाला आत घेण्यासाठी.

दुसरी हकिगत १९८५ च्या जुलै महिन्यातील. ओलेग गोर्दियेव्हस्की हा सोव्हिएत गुप्तहेर खात्यातील कर्नल १९७४ पासून गुप्तपणे ब्रिटनसाठी काम करीत होता. संशय आल्यावर त्याला लंडनहून मॉस्कोला परत बोलाविण्यात आले. त्याच्या सुटकेची खूण ठरलेली होती. मॉस्कोतील एका ठराविक पावाच्या दुकानाबाहेर, एका ब्रिटिश दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन उभे राहायचे. उत्तरादाखल एक इंग्रज चॉकलेट खात समोरून जाणार. एवढीच साधने! त्यानंतर दोन ब्रिटिश अधिकारी आपापल्या पत्नींसह आणि एका तान्ह्या मुलीसह दोन मोटारींतून फिनलंडकडे निघाले. व्हिबोर्ग शहराच्या अलीकडे, मागावरच्या गाड्यांना काही मिनिटे चकवून, त्यांनी झाडीत लपलेल्या गोर्दियेव्हस्कीला फोर्ड सिएरा गाडीच्या डिकीत घेतले. सरहद्दीवर हुंगणारे कुत्रे डिकीजवळ आले. तेव्हा त्या बाळाच्या आईने डिकीच्या झाकणावरच मुलीला निजवून तिचे लंगोट बदलले आणि घाणेरडे लंगोट कुत्र्यापाशी टाकले. कुत्रा नाक मुरडून निघून गेला. तेलाची आणि धुराची नळी नव्हती. पण कोणत्याही आईपाशी असते ते हत्यार होते. फिनलंडची हद्द ओलांडल्यावर पुढे बसलेल्यांनी सिबेलियसचे 'फिनलंडिया' हे संगीत लावले, आणि काळोखात घामाघूम पडलेल्या त्या माणसाला कळले की आपण वाचलो.

या गोष्टीचा शेवट मात्र चित्रपटासारखा गोड नाही. त्या डिकीत एकच माणूस मावत होता. पत्नी आणि दोन मुली मागे राहिल्या. पत्नीला त्याच्या गुप्त कामाची कल्पना नव्हती. सहा वर्षांनी, १९९१ साली, त्यांना इंग्लंडला येऊ देण्यात आले, परंतु तोवर मध्ये पडलेले अंतर भरून निघाले नाही आणि संसार मोडला. गोर्दियेव्हस्की २०२५ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्येच वारला. दुसऱ्यांची कुटुंबे गाडीत होती म्हणून तो वाचला, आणि त्याचे स्वतःचे कुटुंब गाडीत नव्हते म्हणून ते हरपले. मोटारीविषयी आम्ही वाचलेली ही सर्वांत दुःखद हकिगत आहे.

आश्चर्य असे की अखेर चित्रपटालाही या सत्यापाशी यावे लागले. २०२१ च्या 'नो टाईम टु डाय' मध्ये इटलीतील मातेरा या प्राचीन गावाच्या चौकात तीच डीबी ५ शत्रूंनी घेरलेली आहे. गोळ्यांचा वर्षाव चालू आहे. काचेला तडे जातात, पण ती फुटत नाही. आत बाँड आहे आणि शेजारी त्याची प्रिय स्त्री आहे. तिनेच आपला घात केला, असा संशय त्याच्या मनात शिरला आहे. ती काकुळतीने काहीतरी कर म्हणते, आणि तो हात मांडीवर ठेवून स्तब्ध बसून राहतो. शेवटी तो मशीनगन चालवितो, शत्रू पडतात, आणि त्यानंतर तो तिला आगगाडीत बसवून देऊन पाठ फिरवितो. लाल बटण दाबावेच लागले नाही. सत्तावन्न वर्षांपूर्वी जे दृश्य पाहून सारे हसले, तेच येथे घडते, पण हसू मात्र येत नाही.

धर्मग्रामातील घरांत बसण्या-उठण्याचा जो योग आम्हांस येतो, त्यात ही काच आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. बाहेरून येणाऱ्या संकटांविरुद्ध घरे चांगली मजबूत असतात. कर्ज, आजार, नोकरीची अनिश्चिती यांचे घाव सोसून काच फुटत नाही. मग एके दिवशी आत शेजारी बसलेल्याविषयी संशय येतो; वाटणीवरून भावाविषयी, फोनवरच्या एखाद्या निरोपावरून पत्नीविषयी, किंवा नुसत्या थकव्याने म्हाताऱ्या वडिलांविषयी. तेव्हा कोणी आरडाओरडा करीत नाही. हात मांडीवर ठेवून गप्प बसणे सुरू होते. त्या गप्प बसण्यात किती संसारांची आसने रिकामी झाली, ते आम्हांस ठाऊक आहे.

फ्लेमिंगविषयी एक गोष्ट सांगून थांबतो. १९६१ साली त्याला हृदयविकाराचा झटका आला. सक्तीच्या विश्रांतीत त्याने, आपल्या लहान मुलाला रात्री सांगत असे ती एका जादूच्या मोटारीची गोष्ट लिहून काढली. तिचे नाव 'चिटी-चिटी-बँग-बँग'. फ्लेमिंग १२ ऑगस्ट १९६४ रोजी, त्या मुलाच्या बाराव्या वाढदिवशी, वारला. पुढच्या महिन्यात 'गोल्डफिंगर' ची मोटार पडद्यावर आली आणि त्याच्या पुढच्या महिन्यात जादूच्या मोटारीचा पहिला भाग छापून आला. जगाने पहिलीला डोक्यावर घेतले.

दुसऱ्या गाडीतही बटणे आहेत. ती भंगारात निघालेली जुनी गाडी; एका बापाने ती दुरुस्त केली, आणि तिच्यात बायको व दोन मुले घेऊन तो सहलीला निघाला. वाटेत वाहनांची रांगच रांग लागते. तेव्हा गाडी स्वतःच एक दिवा पेटवून त्याला कळ ओढावयास सांगते; तो विचार करीत बसला तर त्याच्यावर रागावते. अखेर तो कळ ओढतो. छत उडत नाही. गाडीला पंख फुटतात, आणि चालविणारा, त्याच्या शेजारी बसलेली आणि मागे बसलेली दोन्ही मुले, असे चौघेही एकदमच वर जातात.